अंथरूण गार होईपर्यंत

९ फेब्रुवारी

मागावर उभ्या उभ्या डोळा लागला! सुताची कांडी संपलेली कळलीच नाही. कापडात बोटभर फट पडून पुढे चालली. मुकादम लवजीभाई कानाशी येऊन ओरडला – "दंडपाणी, झोपायचंच असेल तर तुझ्या गंजामला जाऊन झोप! पुन्हा दिसलास तर मीच गाडीत बसवून देईन."

गंजामला गावी आहे काय? काजूची झाडं वादळाने नेली. आई सगळ्यांना सांगत फिरते, माझा दंडपाणी सुरतेत टिकला. मी टिकत नाही आहे. डोळे सारखे जळतात. माग बंद झाला तरी कानात खडखड चालूच असते.

११ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, गोळी नको, संध्याकाळ सुधारा. लवकर जेवा, कोमट पाण्याने पाय धुवा, फोन उशाशी ठेवू नका, अंधार करा, रोज एकाच वेळी आडवे व्हा. अंथरूण गार आणि स्वच्छ असू द्या.

मी विचारलं, "आणि अंथरूण अर्धंच आपलं असेल तर?" त्यांना ऐकू गेलं नसावं. आम्हा मागवाल्यांना एक तर ओरडता येतं, नाही तर गप्प बसता येतं.

१२ फेब्रुवारी

पहिली संध्याकाळ. पहिल्या पंगतीला बसलो. मेस चालवणारा, सगळ्यांचा थोरला भाऊ, कैबल्य भाइना म्हणाला, "राजेसाहेबांना आधी वाढा रे, त्यांना निजायचंय!" सगळे हसले. हसू देत. डालमा-भात जेवलो. पाय धुतले, तर नळावरची रांग ओरडली – "कुणाच्या पूजेला चाललास?" खोलीत पत्त्यांचा डाव रंगलेला, दिवा कोण घालवणार? डोळ्यांवर गमछा बांधला. सगळं बाईंनी सांगितल्याप्रमाणे केलं.

आणि आडवा झालो – अंथरूण गरम!

दिवसा त्या अंथरुणात सिमांचल भाइना झोपतो. या महिन्यात त्याच मागांवर त्याची रात्रपाळी, माझी दिवसपाळी. तो उठून जातो आणि मी येतो. त्याच्या अंगाची ऊब, मोहरीचं तेल, विडी – सगळं तिथेच असतं. जणू दुसऱ्याच्या कातडीत शिरायचं. गेलं वर्षभर आम्ही फक्त जिन्यात भेटतो. तो खाली उतरतो, मी वर चढतो. रोज तेच म्हणतो – "जा, गरम गरम वाढून ठेवलंय!"

झोप नाही.

१३ फेब्रुवारी

नाही.

१५ फेब्रुवारी

आज वीज बंद. कारखाना बंद. म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं एकाच खोलीत आणि अंथरुणं निम्मी! काही जण फुटपाथवर गेले, काही देवळात. मी आणि सिमांचल भाइना आमच्या अंथरुणाच्या दोन कडांना बसून राहिलो. झोप तू, नाही तू झोप, असं करत कुणीच झोपलं नाही.

तो पत्र्याच्या ट्रंकेवर बोटांनी ताल धरत होता. चैत्रात गावी दंडाच्या जत्रेत तो ढोल वाजवतो. आतापासूनच हात शिवशिवतात म्हणे.

मी शेवटी बोललो. म्हटलं, "भाइना, थोडं आधी उठता येईल का? अंथरूण गार व्हायला."

तो एवढा हसला की पत्तेवाल्यांनी वळून पाहिलं. "ऐका रे! बायको करणार नाही एवढं करतो मी याचं, गादी तापवून देतो, तर याची तक्रार!" मी मान खाली घातली. लवजीभाई काय म्हणाला ते सांगितलं. मग हसायचा थांबला.

"बरं, उठतो. माझं काय! मी घोड्यासारखा उभ्या उभ्या झोपतो."

१६ फेब्रुवारी

अंथरूण गार होतं! चादर झटकून, उशी उलटी करून ठेवलेली.

२२ फेब्रुवारी

झोप लागते आहे. लिहायला भीती वाटते, दृष्ट लागेल. जेवण, पाय, गमछा, गार अंथरूण. पत्तेवाल्यांचा आवाज लांब कुठे तरी जातो आणि एकदम सकाळ होते. सुरतेत आल्यापासून असं झालं नव्हतं.

२७ फेब्रुवारी

एक तारखेला पाळ्या बदलणार. मी रात्रीला, तो दिवसाला. म्हणजे सगळं पाण्यात! दिवसा कुठला अंधार आणि कुठली शांतता? काल त्याच काळजीने पुन्हा तळमळलो.

जिन्यात भाइनाला अडवलं. हा एक महिना तूच रात्रीला राहा म्हटलं, घडी बसली आहे, मोडायला नको. त्याने डोळे चोळले. सुजले होते. म्हणाला, "लवजीला मी सांगतो. तू जा, नीज."

४ मार्च

लवजीभाईने पाठीवर थाप मारली. "काय रे, बायको आणलीस की काय? चेहरा उजळलाय!"

८ मार्च

जिन्यात आज भाइना मला न पाहताच पुढे गेला. भिंतीला हात लावत उतरला.

११ मार्च

सकाळी मागावर गेलो, तर माझे माग बंद. जमीन धुतलेली, ओली. लवजीभाई आज ओरडला नाही, हळू बोलला, म्हणून मला दोनदा विचारावं लागलं. पहाटे सिमांचल भाइनाला डुलकी लागली. मागाच्या पट्ट्यात हात गेला. डावा.

दिवसभर त्याच मागांवर काम केलं.

संध्याकाळी कैबल्य भाइनाला विचारलं, तो लवकर उठून जायचा तरी कुठे? मला वाटायचं चहाच्या टपरीवर जाऊन डबा घ्यायला परत वर येत असेल. त्याची झोप झाली असेल.

"कुठे जाणार? जिन्यात बसायचा, पाण्याच्या टाकीपाशी. मी म्हणायचो, अरे लेका, दुपारभर छपराचा पत्रा तापतो, आत्ता कुठे डोळा लागतो तुझा, तर उठतोस कशाला? म्हणायचा, पोरगं गरम अंथरुणात तडफडतं."

जेवलो नाही. पाय धुतले नाहीत.

१३ मार्च

भाइनाला गाडीत बसवून आलो. तीन बोटं गेली. फलाटावर मीच रडलो. तो म्हणाला, "गप रे. एका हाताने ढोल वाजत नाही, पण जत्रा बघता येते." मग विचारलं, "झोप लागते ना आता?"

मी हो म्हटलं. खरंच लागते.

१४ मार्च

अंथरूण बर्फासारखं गार. डोळा लागला नाही.

१६ मार्च

रात्रीचे माग रिकामे राहिले, म्हणून लवजीभाईने मला रात्रपाळीला टाकलं. दिवसपाळीला नवा माणूस आला, खेत्रबासी, आमच्याच तालुक्यातला. रात्री अंथरूण त्याचं, दिवसा माझं. दिवसा पत्रा तापतो. गमछा घामाने भिजतो.

१९ मार्च

संध्याकाळी जिन्यात खेत्रबासीने अडवलं. डोळे लाल. "भाइना, राग मानू नका. अंथरूण फार गरम असतं हो. जरा आधी उठता येईल का?"

२० मार्च

चादर झटकली, उशी उलटी केली. जिन्यात टाकीपाशी बसून लिहितो आहे. पाळीला अजून वेळ आहे.