डेल्बर्ट स्लोनला उशीर का झाला

डेटन, ओहायो
२० मे १९७४

ती. ऑर्फाताईस,
नेवाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अर्लभाऊजींचा खोकला उतरला हे वाचून जिवाला बरं वाटलं. इथे फ्रिजच्या कारखान्यात माझी दुसरी पाळी चालू आहे. दारांना रबर बसवून बसवून बोटांची पार वाट लागली.

आता खरी बातमी. हातातलं भांडं आधी खाली ठेव. डेल्बर्ट स्लोन आपल्या गावात गाणार आहे! नव्या आगीच्या बंबाला पैसे जमवायचेत म्हणून, ९ जूनला, दुपारी दोन वाजता, जत्रेच्या मैदानात. तो आपल्याच डोंगरातला, आणि मी त्याच्या चाहत्यांच्या मंडळाची एवढी जुनी सभासद, पण त्याला आजवर ऐकलं ते रेडिओवरच. जागांना नंबर नाहीत, लवकर येईल तो पुढे बसेल. म्हणून माझ्यासोबत काम करणारी मार्व्हा आणि मी तिच्या गाडीने सकाळीच मैदान गाठणार आहोत.

तो डेकोरेशनचा, टेकडीवरची थडगी साफ करून फुलं वाहायचा रविवार आहे, हे मी विसरलेले नाही. पण टेकडीवर आले तर पुढचं बाक जाईल, आणि सोमवारी मार्व्हाची पहिली पाळी असल्याने लगेच परतायचंय. यंदा आईबाबांच्या थडग्यांवर माझ्या वाटची फुलं तूच ठेव. रागावू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
नेवा

लॉरेल फोर्क, केंटकी
२४ मे १९७४

चि. नेवास,
अ. उ. आ.

भांडं खाली ठेवलं होतं म्हणून वाचलं.

आई गेल्यापासून तू एकाही डेकोरेशनला आलेली नाहीस. कधी पाळी, कधी गाडी बंद, कधी दाढदुखी. मी काही बोलले नाही. आता एका टोपीवाल्या गाणाऱ्यासाठी तुला रजा मिळाली, गाडी मिळाली, दाढही बरी झाली! आईबाबांनी गिटार शिकायला हवी होती, निदान तू भेटायला तरी आली असतीस. मला राग आलाय आणि वाईटही वाटलंय. दोन्ही लिहून टाकते, म्हणजे मनात राहायला नको.

दरवर्षी सगळी टेकडी मला विचारते, नेवा कुठेय? यंदा काय सांगू? थडग्यांवरचं गवत काढायला मी एकटी, अर्लला वाकता येत नाही. मेणात बुडवलेली कागदी फुलं तयार आहेत. वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केकही करणार आहे, आईसारखाच, नऊ थरांचा. बाराला टेकडीवरच पंगत बसेल. मैदान तिथून दोन मैलांवर आहे. जमलं तर बघ. नाहीतर तुझा गाणारा तुला लखलाभ.

रागावलेली, पण तुझीच,
ऑर्फा

डेटन
११ जून १९७४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी तू काय करून ठेवलंस ते तुला माहीत नाही, म्हणून मीच सांगते.

आम्ही सकाळी आठला पहिल्या बाकावर. दोन वाजले, तीन वाजले, डेल्बर्टचा पत्ता नाही. मार्व्हाचं नाक उन्हाने लालभडक झालं. बंबवाले येऊन येऊन सांगत होते, आता येईलच. शेवटी साडेतीनला तो आला, हात जोडून माफी मागितली आणि उशीर का झाला ते सांगू लागला.

म्हणाला, आईचं थडगं साफ करायला टेकडीवर गेलो होतो. कुणी ओळखू नये म्हणून गाताना घालतो ती टोपी गाडीतच ठेवली होती. तिथे गवताची टोपी घातलेल्या एक बाई कमरेवर हात ठेवून आल्या आणि म्हणाल्या, फावडं धरायची ही पद्धत नव्हे. शिकवलं, आणि शिकवल्याबरोबर त्यांच्याही आईवडिलांच्या थडग्यांवर कामाला लावलं. मग जेवल्याशिवाय सोडेनात. लोक हसून लोळत होते. सगळ्यांत मोठ्याने मी हसत होते, ताई, नऊ थरांच्या केकचं नाव निघेपर्यंत.

मग तो म्हणाला, त्या बाईंना एक धाकटी बहीण आहे. डेटनला कारखान्यात असते. आईबाबांवर तिचा फार जीव, पण मुकादम रजाच देत नाही. दर डेकोरेशनला बिचारी यंत्रापाशी उभी राहून रडते. त्याने टोपी काढली आणि सांगितलं, पुढचं गाणं तिच्यासाठी, तिकडे ऐकू जावो न जावो.

मी त्याच्यापासून दहा हातांवर बसले होते. त्याचा आवाज रेडिओपेक्षाही गोड आहे. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते गाणं माझ्यासाठी म्हटलं गेलं, आणि ‘ती मीच’ म्हणून मला हात वर करता येईना.

नंतर सह्यांसाठी रांग लागली. माझ्यापुढे दोघीच होत्या, पण मी रांग सोडली. मार्व्हाला गाडी टेकडीवर घ्यायला लावली. तुम्ही सगळे घरी गेला होतात. माती कशी सुरेख सारखी केली होती! आईपाशी बसले, पोटभर रडले, आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं म्हणून मंडळाचा बॅज तिच्या फुलांना टोचून आले. तुझ्या दारात यायचं धाडस काही झालं नाही.

ताई, तू खोटं का बोललीस? शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुझी,
नेवा

लॉरेल फोर्क
१५ जून १९७४

चि. नेवास,
अ. उ. आ.

तो डेल्बर्ट स्लोन होता? तुझं पत्र आल्यापासून अर्लचं हसू थांबत नाही, हसता हसता पुन्हा खोकला सुरू झाला. मी त्याला कुणाचातरी जावई समजले. पोटापाण्यासाठी काय करतोस म्हणून विचारलं, तर गातो म्हणाला. मी म्हटलं, असू दे, लागेल कुठेतरी नोकरी. बिचाऱ्याने मान डोलावली आणि केकचा आणखी एक तुकडा मागून घेतला.

खोटं का बोलले म्हणतेस. तुझ्याशी भांडायचं ते पत्रात. चारचौघांत तू माझी बहीण आहेस. आणि मुकादमाचं सोडलं तर मी काय खोटं बोलले? तू रडतेस हे मला ठाऊक आहे. आई तिथे मातीत आहे हे बघवत नाही, म्हणून तू येत नाहीस, हेही ठाऊक आहे. यंदा बघितलंस ना? आता पुढच्या वेळी इतकं जड जायचं नाही.

सोमवारी विसरलेलं केकचं ताट आणायला टेकडीवर गेले, तर फुलांत बॅज. कुणाचा ते लगेच कळलं. पावसात गंजेल म्हणून काढून आणलाय आणि आईच्या बटणांच्या डब्यात ठेवलाय. टपालाने पाठवणार नाही. पुढच्या जूनमध्ये येऊन घेऊन जा. केकसाठी डेल्बर्टही येईन म्हणालाय, पण तू त्याच्यासाठी येऊ नकोस, माझ्यासाठी ये.

त्याने फावड्याचा दांडा सैल करून ठेवलाय. यंदा मी तो नीट करणार नाही, तुझं काम म्हणून ठेवलाय.

माया आहेच, ती पत्रात मागावी लागत नाही. तेवढी तू ये.

तुझी,
ऑर्फाताई