रोझरीचं शेपूट

प्रिय उना,

बोट चालू झाली. हे आधीच लिहून टाकते, कारण पत्र वाचताना तू मधेच चष्मा शोधायला उठतेस आणि परत येत नाहीस.

तुमच्या डेरी परगण्याच्या काठावरून आमचा डोनेगॉलचा धक्का नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि मधली बोट वर्षभर बांधून पडलेली. पाण्यातून सरहद्द जाते, म्हणून बोट दोन्ही सरकारांची, खर्चही दोघांनी वाटून उचलायचा. पण एकाचा वाटा मंजूर झाल्याशिवाय दुसऱ्यानं हात सैल करायचा नाही, असा नियम. आमचं डब्लिन म्हणे बेलफास्टनं आधी, तुमचं बेलफास्ट म्हणे डब्लिननं आधी. दारात उभं राहून 'आधी तुम्ही' करणारे पाहुणे असतात ना, तशी गत. आत चहा गार.

तुझ्या मेहुण्यानं, माझ्या ह्यूईनं, जन्मभर ती बोट चालवली आणि ती बंद असतानाच तो गेला. रस्त्यानं वळसा घालून यायचं तर तुझ्या कंबरेचा भुगा झाला असता. तू आली नाहीस, त्याबद्दल मी काही बोलले नाही. आताही बोलत नाही.

पण मयताच्या घरी पुढारी आला नाही, असं आपल्याकडे कधी झालंय? माझ्या नातीला, ग्रॉन्याला म्हटलं, दोन्ही मंत्र्यांच्या कचेरीत फोन लाव. इकडे सांग तिकडची येतेय, तिकडे सांग इकडचा येतोय.

"आजी, हे खोटं आहे."

"दोघं आले की खरं होईल. लाव फोन."

आले. डब्लिनचे गॅलिगनसाहेब काळा टाय लावून, बेलफास्टच्या हॅझलेटबाई काळी हॅट घालून. शवपेटीच्या दोन बाजूंना बसवले, हातात सँडविचं दिली. बाईंना दिलेली खुर्ची मी खरं तर दुसऱ्या कुणासाठी राखली होती. पेपरचा बातमीदार दाराशी होताच. मग जपमाळ काढून रात्रीची रोझरी मी भरदुपारीच सुरू केली. बाई दुसऱ्या पंथाच्या, त्यांच्यात रोझरी नसते. पण चालू प्रार्थनेतून उठायचं नसतं, एवढं त्यांनाही कळतं.

आईच्या रोझरीचं शेपूट आठवतं? शेवटी आजाऱ्यांसाठी, प्रवासातल्यांसाठी, आटलेल्या गायीसाठी एकेक प्रार्थना जोडत जायची आणि आपले गुडघे सोलून निघायचे. तसंच शेपूट मी लावलं. टोकाला डोळे मिटूनच म्हटलं, "या दोन सरकारांनी आपापला वाटा याच आठवड्यात द्यावा, म्हणजे ह्यूईची बोट सुटेल." सगळं घर म्हणालं, "आमेन." दोघं सोडून. मी पुढचं काही म्हणेना. घरही हलेना. शेवटी गॅलिगनसाहेब पुटपुटले, आमेन. ते ऐकून हॅझलेटबाईंनी तोंडातला घास गिळला.

"आमेन," त्या खणखणीत म्हणाल्या, "आणि आमचा वाटा आधी."

पेपरात छापून आल्यावर माघार कुठली? दोघांत अशी शर्यत लागली की आठवडा संपायच्या आत दोन्ही वाटे जमा. काल बोटीनं रंग लावून पहिली फेरी मारली. धक्क्याजवळ येताना तिनं भोंगा असा दिला की पाद्रीबाबांचं कुत्रं अजून पलंगाखाली आहे. मी रडले नाही. वारा होता.

आता कामाचं. शनिवारी ह्यूईला जाऊन महिना होतो, चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा आहे. पहिली बोट तुमच्याच काठावरून सुटते. चांगला कोट घाल, माशांच्या वासाचा नको. ती खुर्ची मी मंत्रीणबाईंना घटकाभर उसनी दिली होती. तेव्हापासून तिच्यावर कुणाला बसू दिलेलं नाही. मी धक्क्यावर उभी असेन.

तुझीच, वाट बघणं आवडत नसलेली बहीण,
डिंफ्ना