वीरगळाच्या जागी काच

मुंबई, २६ जुलै २००९

आई,
तुझ्या पायावर डोकं ठिवून लिवतोय. माझा खोकला थांबलाय, जेवण वेळंवर हुतंय. भाताची लावणी उरकली का?

संग्रहालयात मी पहाऱ्याला हाय, आपल्या घराण्याचा वीरगळ राखीन म्हणालो, म्हणून तू तो गावाहून नेऊ दिलास. आता तो तळघरात कुलपात हाय. त्याच्या जागी काचंचा मोठा पडदा लावलाय. बोट फिरवलं की दगडाचं चित्र फिरतं. घोडा, तलवार, समदं लखलखीत. दगडापुढं कुनी थांबत नव्हतं, पडद्यापुढं रांग लागतीया.

तू दिलेला शेंदूर मी दर अमावस्येला गुपचूप लावत हुतो. साहेबांना तो डाग वाटला. त्यांच्या माणसानं कसलंतरी औषध लावून दगड घासला, त्यात आपल्या वीराचं तोंड झडलं. शेंदूर कुनी लावला ते मी सांगितलं न्हाई.

चित्रात तोंड शाबूत हाय. ते आधीच काढलं हुतं.

भावकी जीप करून बघायला येणार, असं ऐकलं. जमलं तर थांबव. तू आलीसच तर नारळ आणू नको. फोडायला पुढ्यात दगड न्हाई, नुसती काच हाय.

तुझा,
शंभू