चंपीच्या गुडघ्याबद्दल थोडंसं

तीर्थरूप तोताराममामांना धुळ्याहून अमृतचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? सावद्याला केळीची कापणी जोरात असेल. मी ठीक आहे (लंगडतोय, पण ते पुढे येईल). फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितोय.

आमच्या संशोधन केंद्रातलं काम एकदा नीट सांगतो, कारण गावात मी बकऱ्या चारतो असं पसरलंय. हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून सांध्यात गुळगुळीत थर असतो, ती कूर्चा. तिला एकदा इजा झाली की ती सहसा आपली आपण भरून येत नाही. आम्ही बकरीला भूल देऊन त्या थरात बारीक खड्डा करतो (हे लिहिताना हात थांबतो), त्यात रेशमाच्या प्रथिनाची मऊ जाळी बसवतो आणि नवी कूर्चा धरते का ते बघतो. पुढे तुमच्यासारख्यांच्या कामी यावं म्हणून. आमच्या मोहिनी मॅडमनी बजावलं होतं, बकऱ्यांना नावं ठेवायची नाहीत आणि उड्या मारू द्यायच्या नाहीत. नाव मी पहिल्याच आठवड्यात ठेवलं, चंपी. उडीची काळजी मात्र इतकी घेतली, की माझ्या झोपेतही तिचे खूर वाजायचे.

गेल्या सोमवारी पाहुणे आले, त्या गडबडीत गोठ्याचं दार उघडं राहिलं. रखवालदार अभिमन ओरडत आला, “भाऊ, बकरी गच्चीवर शे!” मी धावलो. चंपी कठड्यावर उभी! मी हात जोडले, तिच्या आईची शपथ घातली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या पत्र्यावर उडी घेतली. आवाज शिंदखेड्यापर्यंत गेला असेल. जिना उतरताना मीही पडलो, तो गुडघ्यावरच.

मॅडम म्हणाल्या, “तू बाजूला बस, आधी तिला बघू दे.” भूल देऊन तिच्या गुडघ्यात बारीक दुर्बीण घालून पाहिलं तर जाळी जागेवर, काठाला नवा थर धरलेला. मी खूश, पण मॅडमचा चेहरा पडला. “एवढ्या उडीनंतर हिच्या गुडघ्याचा निष्कर्ष धरता येणार नाही. ही प्रयोगातून बाद.” मला वाटलं, आता नोकरी गेली. जरा वेळानं डोक्यात प्रकाश पडला. ज्या बकऱ्या प्रयोगात शेवटपर्यंत राहतात, त्यांना शेवटी मारून सांधा तपासावा लागतो. बाद झालेलीला चांगलं घर मिळालं तर देता येतं. मी गोठ्यामागे जाऊन उभा राहिलो. अभिमनला वाटलं, गुडघ्यामुळे रडतोय.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
अमृत

ता. क. हे पत्र आणणाऱ्या जितेंद्रच्या टेम्पोत मागे बघा. मॅडमची परवानगी आहे. तुमची तेवढी घ्यायची राहिली.

ता. क. दोन दिसल्या तर रागावू नका. दुसरीनं कालच उडी मारली. दार कसं उघडं राहिलं हे मॅडमनी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.