आईच्या सहीसाठी तुमचं पेन

बाबा,

बँकेच्या बाई उद्या सकाळी घरी येणार हे आता नक्की झालं आहे. मालवणच्या शाखेतून दुपारी त्यांचाच फोन होता. आईची सही नव्याने नोंदवून घ्यायची, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि ती जमली नाही तर अंगठा घ्यायचा. एकदा अंगठा नोंदला की पुढे प्रत्येक वेळी अंगठाच, हेही त्यांनी पुन्हा सांगितलं. बोलणं सभ्य होतं, नियम त्यांनी केलेला नाही. पावसाळ्यात आईला अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सावरला, जीभ तर लगेच सावरली, पण उजव्या हाताची पकड गेली ती परत आली नाही. बॉलपेन धरता येतं, दाबता येत नाही. रेघ उमटते, तुटते, पुन्हा कुठेतरी उमटते. अशी सही केलेला चेक बँकेने परत पाठवला, तेव्हापासून मी रजा काढून देवबागला आले आहे.

मुंबईहून दादाचा फोन आला तेव्हा मी तो स्पीकरवर ठेवला. "आये, अंगठो लाव आणि मोकळी हो," तो म्हणाला. "आता सगळेच अंगठो लावतत. रेशनाक लावतत, आधाराक लावतत. माझो मोबाईलसुद्धा अंगठो लावल्याशिवाय उघडना नाय." आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "तो अंगठो तू कोण ता सांगता. ह्यो अंगठो माका लिवक येना नाय म्हणान सांगता." दादा म्हणाला, "आये, तू वकील होवक व्हया हुतंस." ती हसली नाही. फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "अंगठो लावन ह्या घरात इलंय. अंगठो लावन जावचंय नाय. तेंचां पेन काड."

तुमचं पेन कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं, तिला होतं. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, शेजारच्या माडांच्या जागी आता पर्यटकांच्या खोल्या आहेत, घराचं छप्पर दोनदा बदललं, पण पेन तिच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत होतं. कोरडं ठणठणीत. आत निळीकाळी शाई सुकून दगड झालेली, आणि पेनाचा मागचा भाग काही केल्या फिरेना. मी पकड शोधायला निघाले तर आई म्हणाली, "तेनी कधी पकड लावलेली बघितलंस?" नव्हती बघितली. मला आठवत होती ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवलेली कोमट पाण्याची वाटी. रविवारी सकाळी तुम्ही बंदर ऑफिसचे इस्त्रीचे कपडे न घालता लुंगीवर बसलेले असता, आणि पेनाचे भाग त्या वाटीत पडलेले असतात. पाणी निळं होतं, तुम्ही ते जास्वंदीच्या मुळाशी ओतता, दुसरं घेता. घाई नाही. खाऱ्या हवेत पेन आठवड्याला धुतलं नाही तर निबेला गंज चढतो, असं तुम्ही म्हणता, आणि आई चुलीपाशी म्हणते, माणसांका पण चढता, न्हावन घ्या आता.

म्हणून मीही तसंच केलं. काल दिवसभर पेन कोमट पाण्यात ठेवलं, पाणी बदलत राहिले. संध्याकाळी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून फिरवलं तेव्हा ते हललं. निब आणि तिच्याखालची जीभ, जिच्यातल्या खाचेतून शाई खाली येते, त्या दोन्ही ओल्या फडक्यात धरून सरळ ओढायच्या, पिळायच्या नाहीत, हे माझ्या हातांना माहीत होतं. कोणी शिकवलं ते आठवत नाही. बहुतेक बघूनच शिकले. निबेच्या चिरेतली घाण काढायला मी टाचणी उचलली, तर आईने डोक्यातला एक केस उपटून पुढे केला. तुम्ही तिचाच केस मागायचात, काळा, लांब. पांढरा केसही चालतो. चिरेतून तो दोनदा ओढला आणि शाईचा काळा कण बाहेर आला.

शाई मिळवणं हा परवा वेगळाच उद्योग झाला होता. मालवणच्या बाजारातल्या दुकानदाराने आधी मला जेलपेन दाखवलं, मग फळीवरची एक बाटली पुढे केली. ती शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई होती. "बाई, शाई ती शाई," तो म्हणाला. मी म्हटलं, ही पेनात घातली तर पेन कायमचं बसेल. तो म्हणाला, "मग तुमका पेनाची शाई व्हयी की पेनाची औषधां?" शेवटी कुडाळला एका शाळेजवळच्या दुकानात निळी बाटली मिळाली. परतताना बसमध्ये ती मी मांडीवर धरून आणली.

जांभळ्या शाईचं तुम्हाला सांगायला नको. आईने ते मला या दोन दिवसांत नव्याने सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती तुमच्याबरोबर तालुक्याच्या कचेरीत गेली होती, रेशनकार्डावर नाव चढवायला. कारकुनाने तिचा अंगठा दोन बोटांनी उचलला, पॅडवर दाबला, कागदावर दाबला आणि नंतर स्वतःचीच बोटं फडक्याला पुसली. तिला अंगठा पुसायला फडकं दिलं नाही. घरी येऊन तिने तो राखेने घासला, नारळाच्या सोडणाने घासला, तरी वाढताना भातावर तिचा जांभळा अंगठा दिसत राहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर तुम्ही तिच्यासमोर कागद ठेवला आणि स्वतःचं पेन तिच्या हातात दिलं. शेजारणी म्हणाल्या, आधी पाटी द्या, पेन्सिल द्या. तुम्ही दिली नाहीत. पेन्सिलीने दाबायची सवय लागते, म्हणालात. आई तुमचे शब्द अजून तुमच्या आवाजात म्हणते: "दाबू नको. पेनाक कागदार चलांदे. तू नुसती वांगडा रव."

मला मात्र तुम्ही वेगळं बोलला होता. शाळेच्या परीक्षेआधी मी हेच पेन न विचारता घेतलं होतं आणि तुम्ही मागे उभे राहून पाहत होता. "लिवतंस खंय गो, खणतंस," म्हणालात आणि पेन काढून घेतलंत. मला राग आला होता. वर्तमानपत्राच्या नोकरीत मी पुढची सगळी वर्षं बॉलपेनने खणतच काढली, नंतर संगणकाच्या कळा बडवल्या. वेळेत मजकूर द्यायचा असतो तेव्हा कोणी पेनाच्या वांगडा, त्याच्या सोबतीने राहत नाही.

आज सकाळी पेन जोडून मी शाई भरली. पूर्ण, काठोकाठ. अर्धं भरलेलं पेन हाताच्या उबेने तापतं, आतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते, तुमच्या सगळ्या सदऱ्यांच्या खिशांवर त्याचा पुरावा होता. कागदावर टेकवलं आणि ते चाललं, पण खरखरत. रेघ मध्येच सुटायची. भिंग घेऊन पाहिलं तर चिरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत होत्या, फक्त एका बाजूला टोक झिजून सपाट झालेलं दिसलं. मला वाटलं दोष तिथेच आहे. पर्समध्ये नखं घासायची कानस होती. मी निब तिच्यावर हलकेच टेकवली आणि घासली, पुन्हा घासली. माझ्या डोक्यात उद्याची सकाळ होती, म्हणजे दिलेल्या वेळेत काम पोचवायचं एवढंच.

"काय घासतंस गो?" आईने विचारलं.

"खरखरतंय आई. टोक एका बाजूने झिजलंय."

"झिजलला न्हय ता. तेनी तसां केलेला. लिवन लिवन." तिने डावा हात पुढे केला. "तुझ्या हातात खरखरतलाच. हडे दी."

मी पेन दिलं, तिने ते उजव्या हातात घेतलं आणि त्याच क्षणी मला माझी चूक कळली. तिने ते धरलं ते माझ्यासारखं उभं नव्हे. आडवं, अंगठ्याच्या बेचक्यात निजवलेलं, निब किंचित डावीकडे कललेली. तुम्ही धरत होता तसंच. तिचा हात तुम्ही हातात धरून फिरवला होता, तेव्हा तिला दुसरी कुठली पद्धत माहीत असणार. झिजलेली बाजू बरोबर कागदाला लागली. मी जिथे घासलं होतं तीच.

तिच्या हातात जोर नव्हता, पण पेनाला तो लागतही नव्हता. पहिलं अक्षर उतरलं, ओलं, अखंड. दुसरं, तिसरं. तिचं नाव पुरं झालं. मग तुमचं नाव लिहायला तिने पेन पुढे नेलं आणि शाई थांबली. निब कागदावरून फिरत राहिली, कोरडी. तिने पेन उचललं, पाहिलं, पुन्हा टेकवलं. काही नाही.

"शाई उतरूक नाय अजून," ती म्हणाली.

तसं असू शकतं. नवी भरलेली शाई जिभेच्या खाचेतून उतरायला वेळ घेते, मध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर थांबतेही. किंवा माझ्या कानशीने ते टोक बिघडलं असेल. भिंगातून मला तिथे एक चकचकीत ठिपका दिसतो, आधी होता की नव्हता ते आता सांगता येत नाही. मी निब पुन्हा काढली, धुतली, बसवली, पेन पुन्हा भरलं. मी एक रेघ ओढून पाहिली, ती खरखरत का होईना उमटली, पण माझ्या हातच्या रेघेवरून काही ठरत नाही. आईला म्हटलं, एकदा करून बघ. ती तयार होईना. "आज सगळां लिवन संपयलंय तर उद्या तिका काय लिवन दाखवू?" मी आग्रह केला तर म्हणाली, "तुझ्या बापाशीन माका एका दिवसात दोनदा कधी लिवक लावल्यान नाय. हात थकलो तर दाबूक बघता." मग तिने पेन कोरड्या फडक्यावर आडवं ठेवायला सांगितलं, उभं नको, आणि पेज मागितली.

तुम्ही असता तर त्या ठिपक्याकडे बघून सांगितलं असतंत. कदाचित काहीच न बोलता पेन हातातून काढून घेतलं असतंत. हे मी बॉलपेनने लिहिते आहे, तुमच्या पेनातला थेंबही खर्चायचा नाही म्हणून. खाडीकडून वारा सुटला आहे. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आहे, उजवा हात उशीवर मोकळा सोडून. हे पान वाचून दाखवायचं तरी कोणाला. दादाला दाखवलं तर तो म्हणेल, एका सहीपायी किती.

बँकेच्या बाई दहाच्या सुमारास येतील. आईने निळं लुगडं काढून ठेवायला सांगितलं आहे. टेबल खिडकीपाशी घ्यायचं, कागदाखाली वही ठेवायची, म्हणजे निब टणक लाकडावर आपटणार नाही. आधी तिचं नाव, मग तुमचं, मग आडनाव. एवढं एका दमात उतरलं तर पुरे.

तिन्हीसांजेला बाईंचा पुन्हा फोन आला होता, देवबागेत घर नेमकं कुठे ते विचारायला. मी रस्ता सांगितला. त्या म्हणाल्या, येताना पॅडही घेऊन येते, लागलंच तर असावं. मी हळू आवाजात म्हटलं, आणा. आईची पाठ माझ्याकडे होती. ती जागी होती.