मंगरूला दिलेला शब्द

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! मार्कंड्याच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठावर शालिकरामभाऊंचं घर. अंगणात जाळी वाळत घातलेली, चुलीवर माशाचा रस्सा, आणि मी नागपूरची पाहुणी म्हणून सगळ्यांत मोठा तुकडा माझ्या ताटात. मुंबईच्या उदधी टँकर कंपनीनं आपला इतिहास लिहायचं काम मला दिलंय. मालकांचे फोटो, सत्कार, भाषणं रग्गड आहेत. जहाजावर राबणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. म्हणून मीच हट्टानं शोधत इथवर आले. भाऊंचे आजोबा मंगरू आधी माजरीच्या खाणीत कोळसा भरायचे. महायुद्धात जास्त पगाराच्या आशेनं कंपनीच्या जहाजावर, बॉयलरवर गेले. त्याआधी त्यांनी समुद्र पाहिलासुद्धा नव्हता. जेवण झाल्यावर आचलला फोन केला. पाच वर्षांची कार्टी, आईला विसरून आजीजवळ मजेत आहे.

५ फेब्रुवारी
ही जहाजं आखातातून लष्करासाठी तेल आणायची. मंगरूंच्या जहाजावर टॉर्पेडो आदळला, पाण्यावर पसरलेलं तेल पेटलं, एकही माणूस वाचला नाही. कंपनीला हे तेव्हाच ठाऊक होतं, तिच्या जुन्या फायलींत मी वाचलंय. घरी मात्र ‘बेपत्ता’ एवढंच कळवलं. मला इतका संताप आला की आज सगळं सांगून टाकलं. भाऊंच्या पत्नी गोकुळाबाई रडल्या. त्यांच्या आजेसासूनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नव्हतं. भाऊ म्हणाले, “आता आज्याचं कराच लागते.” देह मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. मलाही थांबायला सांगितलंय. मला कुठं एका जागी बसवतं! पण निघवतही नाही.

७ फेब्रुवारी
घाटावर विधी झाला. रॉकेलचा थेंब न टाकता पुतळा भसकन पेटला, धूर काळाकुट्ट. मग पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून, शिवायला एकही तयार नाही. मेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं. मग घरच्यांनी शब्द द्यायचा. भाऊंनी दिला, गोकुळाबाईंनी दिला. ऊन डोक्यावर आलं, माझी चुळबुळ सुरू. शेवटी मीच हात जोडले आणि थोडं गमतीनंच म्हणाले, आजोबा, इथं मन रमत नसेल तर माझ्या घरी चला.

कावळा झपकन खाली आला.

कोणी हसलं नाही. गोकुळाबाईंनी माझं मनगट धरलं. “काऊन म्हटलं बाई असं? मेलेल्याले आपल्या घरी बलावत नाई.” दिलेला शब्द फिरवता येत नाही, असं भाऊ खाली बघत म्हणाले.

८ फेब्रुवारी
अंघोळीच्या पाण्यावर तेलाचा तवंग. बादली घासली, पुन्हा भरली, पुन्हा तवंग. चहालाही तोच वास. गोकुळाबाईंना येत नाही म्हणे. दुपारी नदीवरून परतताना मागे वळून पाहिलं — माझ्या पावलांशेजारी दुसरी पावलं. अनवाणी, ओली, काळी. मी थांबले तिथंच तीही थांबलेली.

९ फेब्रुवारी
चामोर्शीहून नागपूरची बस धरली. शेजारची सीट रिकामी. तरी कंडक्टरनं विचारलं, या बाबांचं तिकीट? सीट हळूहळू ओली होत गेली. गडचिरोलीलाच उतरले. हे माझ्यासोबत घरी — आचल असते तिथं — नाही. मी जाणारच नाही. मी गेले नाही तर त्याला रस्ता कोण दाखवणार? परत भाऊंकडे आले. आईला काम वाढलंय एवढंच सांगितलं. खरं काय सांगू?

१० फेब्रुवारी, सकाळ
पाणी स्वच्छ. वास नाही. पावलं नाहीत! गोकुळाबाईंना मिठीच मारली.

त्यांनी माझे हात सोडवले. मग म्हणाल्या, सडा टाकताना दिसली होती. काळी पावलं. बसच्या सडकेनं. एकटीच.

आईचा फोन लागत नाही.

दुपार
लागला. आचलनं उचलला. आजी खाली भाजी घ्यायला गेलीय. एक आजोबा आलेत. तू बोलावलंस ना आई? थंडीनं कुडकुडतायत. अंगावरून तेल ठिबकतंय, फरशीभर. आगपेटी मागतात. स्टूल घेऊन काढली मी, म्हणते —

भाऊ दुसऱ्या फोनवरून नागपूरच्या आमच्या शेजाऱ्यांना गाठतायत. मी लिहितेय, नाहीतर किंचाळेन, आणि ती घाबरून — 

फोन चालू आहे. सांगतेय, खाली ठेव ती. ठेव ना गं, सोन्या — ती म्हणते, आई, त्यांचे हात ओले आहेत, मीच पेटव —