बॉनेट उघडायला शिकले

२८ मार्च
चिंचपाड्याहून परत येताना विसरवाडीच्या पुढे डॅशबोर्डवर लाल दिवा. इंजिन तापलं. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी. आमच्या ह्या गाडीला, पांढरीला, ह्यांनी कधी कुणाचा हात लागू दिला नाही. टायरची हवासुद्धा हेच बघणार. मला चालवायला शिकवलं, तेही धानोऱ्याच्या शाळेत बदली झाली म्हणून.

पाणी टाकायला रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, तर ह्यांनी डाव्या हाताने मनगट धरलं. केवढ्या जोरात! "भाकर! भाकर!" जानेवारीत झटका आला तेव्हापासून उजवा हात लुळा आणि बोलताना भलताच शब्द येतो. बहुतेक वेळा भाकरच. चष्मा भाकर, टीव्ही भाकर. पण डोळे बघून कळलं. गरम झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी तोंडावर.

निंबाखाली तासभर बसलो. नंतर बघितलं, कूलंटची प्लास्टिकची डबी जवळजवळ रिकामी. सोबतचं पाणी घातलं. एसी बंद ठेवून हळूहळू घरी.

२८ मार्च
मुलीचा नाशिकहून फोन. "मम्मी, इकी टाक ती गाडी. रस्तामा काही व्हयनं तर? भाडानी गाडी करीसन जात जा."
खरं आहे तिचं, विकलेली बरी. दर शनिवारी ह्यांच्या व्यायामाला एवढं लांब जायचं, बाजूला हे असे.
हे शेजारीच. सगळं ऐकलं.

३० मार्च
शाळा सकाळची, दुपारी मोकळी. गाडीची पुस्तिका काढली. मुलांना धडे समजावते, हा मलाच समजेना. एक मात्र कळलं: एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायला हवा. लावून बघितला. पंखा ढिम्म.
अंगणात ह्यांची खुर्ची आणली. बसले साहेबासारखे.

१ एप्रिल
बॉनेटखालचा काळा डबा उघडला. फ्यूज. पंख्याचा काढून उजेडात धरला, आतली तार अखंड. म्हणजे तो नाही.
आणखी एक काढायला गेले तर हे, "नही. तो नही. बाजूना."
बाजूना! किती दिवसांनी बरोबर शब्द! मी तशीच उभी, हातात चिमटा. तर ह्यांनी एक सणसणीत शिवी दिली. ती मात्र पहिल्यापासून स्पष्ट येते.
बाजूला चौकोनी काळा ठोकळा. रिले, पंख्याची वीज चालू-बंद करणारा. खराब असेल तर कळणार कसं?

२ एप्रिल
हे सकाळपासून तोंडाने "पोंऽ पोंऽ" करतायत. मला वाटलं गंमत. मी हसले तर चिडले, चहा सरकवून दिला.
दुपारी डब्याच्या झाकणावरचं चित्र बघताना डोक्यात प्रकाश पडला. हॉर्न! हॉर्नचा रिले अन् पंख्याचा रिले, दोन्हींवर एकच नंबर. म्हणजे अदलाबदल करून बघ. हे कधीचे तेच सांगत होते बिचारे.
हॉर्नचा काढून पंख्याच्या जागी बसवला. इंजिन चालू. एसी लावला.
"फिरी ऱ्हायना!" हे ओरडले. पंखा खरंच फिरत होता. दोन शब्द, दोन्ही बरोबर. शेजारच्या वहिनी धावत आल्या, "काय व्हयनं, भाऊ पडनात का?"
मी रडत होते. त्यांना वाटलं, खरंच पडले.

३ एप्रिल
बाजारातून नवा रिले आणला, योग्य कूलंट आणलं. गार इंजिनात घातलं, खुणेपर्यंत. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मेकॅनिकले धाडा." म्हटलं, मेकॅनिक घरी आहे.
बॅटरीच्या टोकावर पांढरी बुरशी होती. आधी काळी वायर सोडव हे ह्यांनी बोटाने दाखवलं. सोडा, कोमट पाणी, जुना ब्रश. हे डाव्या हाताने घासत बसले. मी करते म्हटलं तर ब्रश देईनात. व्यायामाच्या वेळी हात हलवायला किती विनवण्या कराव्या लागतात!

४ एप्रिल
चिंचपाड्याला जाऊन आलो. एसी लावून. लाल दिवा नाही.
व्यायाम घेणाऱ्या बाई विचारत होत्या, घरी बोलायचा सराव काय घेता? म्हटलं, गाडी दुरुस्त करतो. त्यांनी लिहून घेतलं.
गाडी कधी चालवतील, ते मीच विचारलं. म्हणाल्या, "आत्ता काही सांगता येणार नाही." हे खिडकीबाहेर बघत होते.

५ एप्रिल
कोरीटचे दगाभाऊ आले, गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला. मुलीनेच परस्पर कळवलेलं. मला सकाळी सांगते! पण माणूस भला. गाडीभोवती फिरले, इंजिन ऐकलं, खूश झाले. मग ह्यांच्यापुढे खाली बसले, "आण्णा, गाडी देवानी शे का?"
हे बराच वेळ शब्द शोधत राहिले. मी दातांत ओठ धरून ठेवला. मग सावकाश, एकेक करून:
"तिले इचार, भो. गाडी तिनी शे."
गाडी माझी. असं म्हणाले हे. झटक्यानंतरचं पहिलं पूर्ण वाक्य, आणि त्यात पांढरी मला देऊन टाकली.
दगाभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी चहाच्या निमित्ताने आत.

६ एप्रिल
दगाभाऊंना काही कळवलेलं नाही. मुलीचे तीन फोन, उचलले नाहीत.
सकाळी इंजिन गार असताना डबी बघितली. कूलंट खुणेच्या बोटभर खाली. तीन दिवसांपूर्वी तर भरलं होतं. म्हणजे कुठेतरी गळतंय. खाली पुठ्ठा अंथरून ठेवलाय, थेंब कुठे पडतो बघायला. ह्यांनी खुर्ची बाहेर न्यायला लावली. पुठ्ठ्याकडे बघत बसलेत.